आभाळाचे दप्तर

सन १८७५ हे वर्ष आपल्याला दोन आरंभांसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यास हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता असे मला सुचवायचे नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच समजूत होती. एकट्यादुकट्याजवळ असलेले ज्ञान चार माणसांत मांडले, म्हणजेच ते समाजाच्या उपयोगी पडते, ही ती समजूत. आज वसंतातील एका संध्याकाळी विश्रांतवाडीत बसून आपण या दुसऱ्या आरंभाची कथा पाहणार आहोत.

या कथेला विश्रांतवाडीइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. आपल्या गावाच्या नावातच विसावा आहे. ज्येष्ठाच्या अखेरीस आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीवरून याच वाटेने पुण्याकडे जाते, आणि बहुधा तिच्या मागेपुढेच पाऊसही येतो. वारकरी मृगाच्या सरी अंगावर घेत चालतो. पेरणी करून आला असेल तर तो निश्चिंत असतो. नसेल तर मुखाने अभंग म्हणत असला तरी त्याचा एक डोळा ढगांकडे असतो. आता दुसरी गोष्ट पाहा. आपल्या एका अंगाला लोहगावचा विमानतळ आणि तेथील हवामान कार्यालय आहे, तर दुसऱ्या अंगाला शिवाजीनगरची वेधशाळा. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की पुण्याच्या पावसाचे दोन आकडे दिसतात, एक शिवाजीनगरचा आणि एक लोहगावचा. कित्येकदा ते एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. आपण राहतो त्या दोन आकड्यांच्या मध्ये. मग विश्रांतवाडीवर किती पाऊस पडला? हा साधा प्रश्न विचारला की हवामानाच्या नोंदींचा सारा इतिहासच आपल्यापुढे उभा राहतो.

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचे कुंड ठेवून पर्जन्याचे मान घ्यावे, असे सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर निरनिराळ्या प्रदेशांत किती पाऊस पडतो याचे द्रोणांत दिलेले आकडेही तेथे आहेत. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशाला १६ द्रोण, अवंतीला २३ द्रोण, असा तो हिशेब आहे. अपरांताची, म्हणजे आपल्या कोकणाची पाळी आली तेव्हा मात्र ग्रंथकाराने आकडा सोडून दिला आणि तेथील पाऊस अमित म्हटला. मोजणारा अधिकारी कोकणात उतरला असेल आणि त्याचे कुंड पहिल्याच रात्री भरून वाहिले असेल, असे मला हे वाचताना नेहमी वाटते. विनोद बाजूला ठेवला तरी यातील दृष्टी महत्त्वाची आहे. पाऊस ही सारा, पेरणी आणि कोठार यांच्याशी बांधलेली गोष्ट आहे. म्हणून राज्यकर्त्याने ती मोजली पाहिजे, आणि प्रदेशवार मोजली पाहिजे, हे त्या काळी उमगले होते.

पुढे मात्र ही मोजदाद टिकली नाही. आपल्या शेतकऱ्याचे हवामानशास्त्र नक्षत्रांवर चालले. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त हे त्याचे कोष्टक. ते टाकाऊ होते असे कोणी समजू नये. पेरणीची वेळ आणि वाऱ्याची दिशा त्यात पिढ्यानुपिढ्या साठत आली होती. उणीव एकच होती. ते ज्ञान म्हणींत आणि स्मरणात राही, आकड्यांत राहत नसे. ‘औंदा मृग कोरडा गेला’ एवढे आजोबांना आठवे. किती कोरडा, आणि मागल्या कोरड्या मृगापेक्षा किती अधिक, हे सांगता येत नसे. स्मरण दुःखाची नोंद ठेवते, पण त्याचे माप ठेवीत नाही.

दख्खनच्या हवेचे माप पद्धतशीरपणे घेणारा पहिला मनुष्य हा एक लष्करी अधिकारी होता. विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२४ साली, मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या आकडेवारीच्या कामावर नेमले. पेशवाई बुडून तेव्हा उणीपुरी सहा वर्षे झाली होती. हा गृहस्थ तंबू, वायुभारमापक आणि उष्णतामापक घेऊन गावोगाव हिंडला. लोकसंख्या, पिके, पशुपक्षी, मासे, सगळ्यांच्या याद्या त्याने केल्या, आणि त्याबरोबर हवेच्या दाबाच्या नोंदी घेतल्या. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दख्खनच्या हवामानावरील प्रबंध छापून आला. त्यात त्याने दाखविले की समुद्राप्रमाणे आपल्या डोक्यावरील हवेलाही भरती-ओहोटी असते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दाब वाढतो, दुपारी चार-पाचच्या सुमारास उतरतो, रात्री पुन्हा वाढतो आणि पहाटे पुन्हा उतरतो. हे चक्र त्याला इतके नियमित आढळले की पावसाळ्याच्या धामधुमीतही ते चुकत नव्हते. ज्या हवेला आपण लहरी म्हणतो, तिच्या पोटात असा घड्याळी नेम आहे हे नुसत्या डोळ्याने कोणाला दिसले असते? त्यासाठी रोज ठरल्या वेळी यंत्राकडे पाहून आकडा लिहिण्याचा कंटाळवाणा उद्योग करावा लागला.

या उद्योगात आपली माणसे फार लवकर शिरली, हे सांगताना मला अभिमान वाटतो. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली कंपनी सरकारने उभारली. पुढे १८४०च्या सुमारास तेथे चुंबकीय आणि हवामानविषयक नोंदींना नियमित आरंभ झाला. त्या वेळी एल्फिन्स्टन विद्यालयातील प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली अलिबागजवळच्या नागावचा एक कोवळा तरुण कामाला लागला. तेच आपले केरो लक्ष्मण छत्रे. विशीही न ओलांडलेला हा मुलगा यंत्रांचे वाचन करी आणि आकडे मांडी. पुढे पुण्यात येऊन तो गणिताचा नामांकित अध्यापक झाला, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ त्याने रचली, आणि लोकमान्य टिळकांसारख्या शिष्याने त्याला गुरू मानले. केरूनानांच्या गणिती शिस्तीचा पहिला धडा त्यांना कुलाब्याच्या यंत्रांपाशी मिळाला असावा, असे म्हणण्यास हरकत नाही. १८९६ साली याच वेधशाळेचे संचालकपद नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांना मिळाले. त्या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्यामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून ते काम १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले. शहराची सोय आणि नोंदींची अखंडता यांत तेव्हा नोंदींची बाजू घेणारे कोणी तरी होते, हे विसरू नये.

परंतु एकेका वेधशाळेने आपल्या वहीत लिहून ठेवणे निराळे, आणि साऱ्या देशाच्या वह्या एका मेजावर येणे निराळे. हे दुसरे घडण्यास संकटे यावी लागली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळले आणि सुमारे ६०,००० माणसे मेली. १८६६ साली ओरिसात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी प्रांतोप्रांती नोंदी घेणारे होते. पण कोणाचे यंत्र कोणाशी जुळत नव्हते, कोणाची वेळ कोणाशी मिळत नव्हती. तेव्हा १८७५ साली हेन्री फ्रान्सिस ब्लॅनफर्ड याला साऱ्या हिंदुस्थानचा हवामान-वृत्तनिवेदक नेमण्यात आले. त्याचे पहिले मोठे काम होते सर्वांना एका वेळेवर आणि एका मापावर आणण्याचे. हे काम दिसायला कारकुनी आहे, पण शास्त्राचा पाया तेच आहे. शेजारच्या दोन गावांचे शेर वेगळे असतील तर धान्याचा एकत्र हिशेब होत नाही. पावसाचाही होत नाही.

खाते स्थापन होऊन वर्ष झाले नाही तोच १८७६ चा पाऊस दख्खनला दगा देऊन गेला. १८७६ ते १८७८ या महादुष्काळात देशभर पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. या वेळी पुण्याने केलेले एक काम हवामानाच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही. मी ते मुद्दाम सांगतो. सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका, रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या माणसांकडून पाऊस, पीक, धान्याचे भाव, मजुरी आणि लोकांची पांगापांग यांची तालुकावार माहिती मागविली, ती जुळविली आणि इंग्रजीत छापून सरकारपुढे ठेवली. पोटतिडिकेची भाषणे त्यांनाही करता आली असती. त्यांनी हकीकत गोळा केली. सरकारच्या कागदाला रयतेच्या कागदाने उत्तर देण्याची ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनाला तेथे लागली. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाने आपला अहवाल दिला, त्यातही हवामानाच्या आणि शेतीच्या नोंदी सुधारण्यावर भर होता.

त्या काळापासून तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक दिसू लागला. पाच इंच तोंडाचे एक धातूचे नळकांडे, काठ जमिनीपासून फूटभर वर, आत नरसाळे आणि बाटली. सकाळी बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतायचे, इंच आणि सेंट वाचायचे, वहीत लिहायचे, आणि जिल्ह्याला कळवायचे. एक सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. दशमान पद्धत आल्यावर मिलिमीटर आले, आणि वेळ सकाळी साडेआठची ठरली. झाड किंवा इमारत जितकी उंच असेल, तिच्या दुपटीइतके तरी अंतर तिच्यापासून राखायचे. यापलीकडे या शास्त्रात काही अवघड नाही. अवघड आहे ते एवढेच की हे रोज करायचे. मास्तर, पोस्टमास्तर, कचेरीतला कारकून अशा तुटपुंज्या भत्त्यावर काम करणाऱ्या माणसांनी हे काम पिढ्यानुपिढ्या केले, आणि त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

या माणसांची स्तुती करायची म्हणून सत्य झाकू नये. जुन्या वह्या तपासण्यात हयात घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला एकदा गंमत सांगितली. एका गावच्या वहीत वर्षानुवर्षे रविवारी पाऊस पडतच नव्हता, आणि सोमवारी मात्र तो दुपटीने पडे. पर्जन्यराजाला साप्ताहिक सुटी मिळाली होती! कारण उघड होते. रविवारी कचेरी बंद. आणखी एक दोष याहून घातक. नोंद घेतली नाही तर जागा कोरी सोडली पाहिजे; पण कोरी जागा दिसली की वरिष्ठ रागावतात, म्हणून कोणी तेथे शून्य लिहितो. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘मी पाहिले नाही’ ही दोन वाक्ये निराळी आहेत. पहिले वाक्य आभाळाविषयी आहे, दुसरे आपल्याविषयी. त्यांची गल्लत झाली की शंभर वर्षांनी कोणी तरी विद्वान त्या शून्यावरून अवर्षणाचा निष्कर्ष काढतो. प्रामाणिकपणे सोडलेली कोरी जागा ही खोट्या आकड्यापेक्षा लाख पटीने मोलाची असते.

आता पुण्याकडे वळू. खात्याचे मुख्य ठाणे कलकत्त्याहून सिमल्यास गेले होते. हिमालयाच्या एका डोंगरावर बसून देशाच्या आभाळाचा अभ्यास करणे गैरसोयीचे होऊ लागले, तेव्हा १९२८ साली ते पुण्यास आले. शिवाजीनगरला मनोऱ्याची ती देखणी इमारत उभी राहिली. सिमल्याहून आलेली कचेरी म्हणून पुणेकरांनी तिला जे नाव दिले ते कायमचे चिकटले. आजही बसमध्ये ‘सिमला ऑफिस’ अशी हाक येते, आणि उतरणाऱ्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते की आपण एका अर्थाने देशाच्या आभाळाच्या दप्तरखान्यापाशी उतरत आहोत. पेशवे दप्तराचा पुण्याला अभिमान आहे, तो रास्तच आहे. तितकाच अभिमान या दुसऱ्या दप्तराचा असावा. १९४४ साली मुख्य कचेरी दिल्लीस गेली, पण हवामानाच्या जुन्या नोंदींचे आणि उपकरणांचे काम पुण्यातच राहिले.

या काळात पुण्यात झालेल्या दोन कामांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३२ साली एल. ए. रामदास यांनी येथे शेतीच्या हवामानशास्त्राचा विभाग सुरू केला. रात्री सर्वांत थंड जागा जमिनीलगत असणार असे सारे जग धरून चालले होते. रामदासांनी शेतात उष्णतामापके लावून दाखविले की निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड थर जमिनीपासून वीत-दोन वीत वर असतो. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसरे काम ॲना मणी यांचे. १९४८ साली त्या पुण्याच्या उपकरण विभागात आल्या. तोवर साधी साधी उपकरणे विलायतेहून येत. मणींनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती येथे घडविण्याची वाट मोकळी केली. यंत्र नीट नसेल तर वहीतील अक्षर कितीही सुंदर असून उपयोग नाही, हे त्यांनी कृतीने शिकविले.

आता देवाणघेवाणीचा प्रश्न घेऊ, कारण या इतिहासाचा गाभा तेथे आहे. वारा राज्याची शीव ओळखीत नाही. आपल्या मान्सूनचे गणित मांडणाऱ्या गिल्बर्ट वॉकरला हे पुरते कळले होते. १९०४ ते १९२४ या काळात तो खात्याचा प्रमुख होता. भारतीय मदतनिसांकडून हाताने असंख्य गुणाकार करवून त्याने जगभरच्या आकड्यांचा आपल्या पावसाशी पडताळा पाहिला. दक्षिण अमेरिकेतील वायुभार आणि हिंदी महासागरावरचा वायुभार तराजूच्या दोन पारड्यांसारखे वरखाली होतात, आणि आपला पाऊस त्यावर अवलंबून असतो, हे त्याच्या हाती लागले. एल निनोची चर्चा आज घरोघर चालते, तिचे एक मूळ या शोधात आहे. अर्जेंटिनातल्या कोणा अनोळखी माणसाने सकाळी पारा पाहून आकडा लिहिला नसता, आणि त्याच्या देशाने तो आपल्याला दिला नसता, तर हा शोध लागला नसता.

याच्या उलट काय होते तेही इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात हवामानाची माहिती हे लष्करी गुपित ठरले. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी बंगालमध्ये मेदिनीपूरवर चक्रीवादळ आले, हजारो माणसे आणि गुरे बुडाली, आणि त्याची बातमीसुद्धा काही दिवस दाबून ठेवण्यात आली. शत्रूला कळू नये म्हणून आपल्याच माणसांना अंधारात ठेवायचे, असा तो प्रकार. युद्धानंतर जगाने उलट वाट धरली. १९५० साली जागतिक हवामान संघटना स्थापन झाली. प्रत्येक ठाण्याला क्रमांक मिळाला. पुण्याचा क्रमांक ४३०६३. पाच-पाच आकड्यांच्या गटांत गुंफलेली आपली सकाळ ठरल्या वेळी जगभर जाते, आणि जगाची सकाळ आपल्याकडे येते. ज्या राष्ट्रांचे एकमेकांशी बोलणे बंद असते, तीही एकमेकांना वारा आणि पाऊस कळवीत असतात. माणसाच्या शहाणपणाची एवढी खूण मला फार धीर देणारी वाटते.

पुढचा इतिहास जवळचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था निघाली. मग उपग्रह आले. १९८० साली डी. आर. सिक्का आणि पुण्याच्या कन्या सुलोचना गाडगीळ यांनी रोजची उपग्रहचित्रे तपासून मान्सूनचे ढगांचे पट्टे महासागरावरून उत्तरेकडे कसे सरकतात हे दाखविले. २०१४ साली पुण्याच्या हवामान कार्यालयातील शास्त्रज्ञांनी १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची साऱ्या देशाची चौकटवार मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात ६,९५५ ठाण्यांच्या नोंदी आहेत, आणि ती आज कोणालाही महाजालावरून घेता येते. मामलेदार कचेरीतल्या त्या निनावी कारकुनाने पावसात भिजत लिहिलेला आकडा तेथे आहे. त्याने रविवारी दांडी मारली असेल तर तीही तेथे आहे.

मग आता विश्रांतवाडीने काय करायचे राहिले, असे कोणी विचारील. २६ जुलै २००५ आठवा. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. एका शहराची दोन टोके, आणि एवढे अंतर! आपल्या पुण्याला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून अधिक तेथे चोवीस तासांत पडला, आणि कुलाब्याच्या माणसाला त्याची कल्पनाही नसावी. सह्याद्रीच्या आडोशाला तर हा फरक रोजचाच आहे. महाबळेश्वराहून पाचगणीस उतरेपर्यंत पाऊस निम्म्याहूनही कमी होतो. खेड्यात हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नाही. आपल्या राज्यात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीची मदत त्यावर ठरते. फळबागेचा विमाही हवामानाच्या आकड्यांवर मिळतो. २०१७ पासून दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभी राहिली ती यासाठीच. परंतु मंडळ म्हणजे अनेक गावे. यंत्र एका शिवारात आणि ढगफुटी दुसऱ्यात, असे झाले तर ज्याचे पीक वाहून गेले त्या शेतकऱ्याच्या हाती कागदावर ६४ उरतो. अशा वेळी गावच्या शाळेत वर्षानुवर्षे नेमाने लिहिलेली एखादी वही असेल, तर निदान त्याच्या सांगण्याला आधार तरी राहील. सार्वजनिक सभेने दीडशे वर्षांपूर्वी केले ते याहून वेगळे नव्हते.

म्हणून माझे मागणे लहान आहे. आपल्या भागातील एकेका शाळेने अंगणात एक पर्जन्यमापक ठेवावा. मुलांनी पाळीपाळीने सकाळी साडेआठला तो वाचावा, रविवारीही वाचावा. पाऊस नसेल तर शून्य लिहावे, पाहिले नसेल तर जागा कोरी ठेवावी. महिन्याच्या अखेरीस तो तक्ता फळ्यावर लावावा, शेजारच्या शाळेला द्यावा, वेधशाळेलाही कळवावा. पहिल्या वर्षी त्याचा काही उपयोग दिसणार नाही. दहाव्या वर्षी थोडा दिसेल. तीस वर्षांनी मात्र ती वही या भागाची इस्टेट होईल, आणि ती लिहिणारी मुले तेव्हा आपल्या वयाची असतील.

येत्या ज्येष्ठात पालखी पुन्हा या रस्त्याने जाईल. तिच्याबरोबर पाऊस आला, तर त्या दिवशी विश्रांतवाडीवर किती पडला हे सांगणारा एक तरी आकडा आपल्या स्वतःच्या वहीत असावा, एवढेच आपणांस सांगून मी थांबतो.